बीव्हिस अँड बट-हेड

प्रौढ प्रेक्षकांसाठी निर्माण झालेली एक उपहासप्रधान अमेरिकन दूरचित्रवाणी व्यंगपटमालिका. माइक जज (१७ ऑक्टोबर १९६२ –    ) हा तिचा जनक असून, दोन्ही प्रमुख पात्रांचे आवाजही त्याचेच आहेत. एम. टी. व्ही. ह्या संगीतवाहिनीवर ती ८ मार्च १९९३ ते २८ नोव्हेंबर १९९७ ह्या काळात दाखविली गेली. पुढे २०११ व २०२२ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले.

उगम व स्वरूप : जज हा भौतिकीचा पदवीधर. अभियंत्याचा पेशा सोडल्यानंतर तो स्वतःच चित्रे काढून लघुपट तयार करू लागला. बीव्हिस आणि बट-हेड ही जोडी त्याच्या फ्रॉग बेसबॉल (१९९२) ह्या लघुपटात प्रथम अवतरली. तो एम. टी. व्ही.च्या ‘लिक्विड टेलिव्हिजन’ कार्यक्रमात दाखविला गेल्यावर वाहिनीने त्याच्याकडून स्वतंत्र मालिका करवून घेतली. टेक्सस राज्यातील हायलंड ह्या काल्पनिक गावात राहणारी ही दोन किशोरवयीन मुले अभ्यास करीत नाहीत, ‘बर्गर वर्ल्ड’ ह्या उपाहारगृहातील नोकरीत काम टाळतात आणि उरलेला वेळ जुनाट कोचावर बसून संगीतचित्रफिती पाहण्यात घालवितात. महत्त्वाकांक्षेलाच नकार देणाऱ्या अशा तरुणांना त्या काळी ‘स्लॅकर’ ही संज्ञा लावली जाई. रिचर्ड लिंकलेटरच्या त्याच नावाच्या चित्रपटातील (१९९०) रिकामटेकडे तरुण निदान तत्त्वचर्चा तरी करतात. ह्या दोघांपाशी तीही नाही. त्यांच्या शेरेबाजीतून वाहिनीच्याच चित्रफितींची टर उडविली जात असे. तथापि ‘व्हाइट झाँबी’सारख्या वाद्यवृंदाला त्यांच्या पसंतीमुळे मोठी लोकप्रियताही लाभली.

उपहासाचा रोख केवळ ह्या मुलांवर नाही. संतापी मुख्याध्यापक मॅकव्हिकर आणि भाबडे, सद्‌भावनेने बोलणारे शिक्षक व्हॅन ड्रीसन ह्यांच्यापैकी कोणालाच त्यांना काही शिकविता येत नाही. मुलांचे आईवडील तर पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. दूरचित्रवाणी संच हाच त्यांचा पालक, हे सूत्र विनोदाच्या तळाशी आहे.

वाद : ऑक्टोबर १९९३ मध्ये ओहायओ राज्यात एका पाच वर्षांच्या मुलाने लावलेल्या आगीत त्याच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू झाला. मालिकेतील आगीच्या खेळांमुळे हे घडले, असा आरोप आईने केला. उलट त्या घरी केबल जोडणीच नव्हती, असेही सांगण्यात आले. वाहिनीने मालिका रात्री उशिराच्या वेळेत हलविली आणि आगीचे उल्लेख काढून टाकले. त्याच महिन्यात दूरचित्रवाणीवरील हिंसाचारासंबंधीच्या सुनावणीत सिनेटसदस्य अर्नेस्ट हॉलिंग्ज ह्यांनी मालिकेवर टीका केली. परंतु तिचे नाव त्यांना धड घेता आले नाही. प्रौढांसाठी केलेला विनोद मुलांच्या नजरेस पडला, तर त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र ह्या वादाने कायमचा मागे ठेवला.

विस्तार व पुनरुज्जीवन : बीव्हिस अँड बट-हेड डू अमेरिका (१९९६) हा पूर्ण लांबीचा चित्रपट यशस्वी ठरला. मालिकेतील डारिया ह्या बुद्धिमान वर्गमैत्रिणीवर डारिया (१९९७–२००२) ही स्वतंत्र मालिका निघाली. २०११ मध्ये एम. टी. व्ही.ने मूळ मालिकेचे १२ भागांचे नवे सत्र दाखविले. त्यात पात्रांचे वय वाढलेले नाही. संगीतचित्रफितींबरोबर वास्तवदर्शी म्हणविणारे कार्यक्रमही टीकेचे लक्ष्य झाले.

बीव्हिस अँड बट-हेड डू द युनिव्हर्स (२०२२) ह्या चित्रपटात कालांतराचा प्रश्न कथानकानेच सोडविला आहे. १९९८ मध्ये अवकाशयानातून गेलेली ही जोडी कृष्णविवरातून थेट २०२२ मध्ये येते. एका विद्यापीठात गोऱ्यांच्या सामाजिक विशेषाधिकारांविषयीचे विवेचन ऐकून, आपणास वाटेल ते करण्याची मुभा आहे, असा अर्थ ती घेते. अज्ञान तेच, पण भोवतालची परिभाषा नवी, हे ह्या विनोदाचे मर्म होय. त्याच वर्षी पॅरामाउंट प्लस ह्या सेवेवर नवी मालिका सुरू झाली. २०२५ मध्ये तिचे पुढील सत्र कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर आले. तीत संगीतचित्रफितींच्या जोडीला महाजालावरील हौशी चित्रफितीही आल्या.

ह्या मालिकेच्या काही कथांत दोघे मध्यमवयीन, स्थूल आणि तरीही त्याच कोचावर बसलेले दिसतात. किशोरवयात हास्यास्पद वाटणारा निरुद्योगीपणा येथे एकाकीपणाची छाया घेऊन येतो, आणि हे ह्या पुनरुज्जीवनाचे खरे वैशिष्ट्य म्हणता येईल. मूळ मालिकेची स्थिती मात्र वेगळी आहे. चित्रफितींच्या स्वामित्वहक्कांमुळे तिचे अनेक भाग त्या चित्रफिती वगळूनच पुढे वितरित झाले. त्यामुळे १९९३ च्या प्रेक्षकांनी पाहिलेले तिचे संपूर्ण रूप नंतरच्या पिढीला सहजी उपलब्ध राहिले नाही.