नवचालक मुलामुलींसाठी माग दाखविणारे अ‍ॅप : निवड कशी करावी?

वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना आणि त्यानंतर किमान ३० दिवसांनी चाचणी देऊन पक्का परवाना, अशा क्रमाने आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी दरवर्षी वाहनचालक होतात. बहुतेकांच्या हाती प्रथम येते ती स्कूटर. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. तेव्हा आईवडिलांचा जीव टांगणीला लागावा यात नवल नाही. मुलाचा भ्रमणध्वनी कोठे आहे हे नकाशावर दाखविणारे अ‍ॅप घ्यावे काय, व कोणते, याविषयीची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आधी वयाचा मुद्दा. कायद्याने १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतचे विनागिअर वाहन, तेही पालकांच्या संमतीने, चालविता येते. अशी पेट्रोलची वाहने बाजारात आता जवळजवळ दिसतच नाहीत. घरोघरी असलेल्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटरला १८ वर्षे पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाच्या हाती वाहन गेल्यास पालकास वा वाहनमालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते व त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘फक्त चर्चपर्यंत जातो, अ‍ॅपवर लक्ष आहे’ ही सबब येथे चालणार नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते व आमच्या मते तीच महत्त्वाची आहे. ही अ‍ॅप बरीचशी अमेरिकेत घडली. तेथे अनेक राज्यांत १६ व्या वर्षी, पालकांच्या कायदेशीर छत्राखाली असतानाच, मुले गाडी चालवू लागतात. आपल्याकडे ज्या वयात परवाना मिळतो त्याच वयात मूल सज्ञानही होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो हक्क या मुलांनाही आहे. म्हणून आपल्या घरात असे अ‍ॅप मुलाच्या संमतीनेच असावे. फोनमध्ये गुपचूप बसविण्याची अ‍ॅप तर मुळीच घेऊ नयेत. कळल्यावर मूल फोन मित्राकडे ठेवून निघून जाते, आणि विश्वासही जातो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘अमोरिस लॅतिसिया’ या बोधपत्राच्या २६१ व्या परिच्छेदात नेमका हाच भेद केला आहे : मूल या क्षणी कोणत्या ठिकाणी आहे यापेक्षा त्याचे मन, त्याच्या श्रद्धा व ध्येये कोठे आहेत हे पालकांनी जाणावे, आणि सतत पाळत ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे.

आता निवड. बहुतेक कुटुंबांना वेगळे अ‍ॅप लागतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरील ‘लाइव्ह लोकेशन’ १५ मिनिटे, १ तास वा ८ तास पाठविता येते व मुदत संपताच आपोआप बंद होते. रात्रीच्या मिस्सेहून वा युवक मंडळाच्या सभेहून परतताना एवढे पुरे. रोजच्या लांबच्या कॉलेजासाठी गूगल मॅप्समधील स्थान-वाटप सोयीचे. ते मुलाला स्वतः केव्हाही थांबविता येते, आणि आम्ही हा त्याचा गुणच मानतो. घरात सर्वांकडे आयफोन असल्यास ‘फाइंड माय’ आहेच. शिवाय २०२३ मध्ये आलेली ‘चेक इन’ सोय मूल मुक्कामी पोहोचल्याचा निरोप धाडते, सारा प्रवास दाखवीत बसत नाही. गूगलचे ‘फॅमिली लिंक’ अल्पवयीनांच्या खात्यांसाठी असल्याने या कामाचे नाही.

लाइफ३६० सारखी अ‍ॅप वेग, अचानक दाबलेला ब्रेक, चालविताना हाताळलेला फोन यांचा अहवाल देतात. काही सेवा वर्गणीच्या असतात व देशानुसार बदलतात. पैसे भरण्यापूर्वी खात्री करावी. या कंपनीने वापरकर्त्यांच्या ठिकाणांची माहिती व्यापाऱ्यांना विकल्याचे डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाले होते. त्यानंतर बहुतेक विक्री थांबविल्याचे तिने जाहीर केले. तरीही फुकट अ‍ॅप घेताना ते कशावर चालते हा प्रश्न विचारावाच.

शिवाय अशा अहवालांवर फार विसंबू नये. मूल मित्राच्या मागे बसले आहे की बसमध्ये, हे फोनला नीट उमगत नाही. आयफोन १४ व पुढील फोनमधील अपघात ओळखण्याची सोय मोटारींसाठी बनविलेली आहे, स्कूटरसाठी नव्हे. अँड्रॉइडवर बॅटरी वाचविण्याची व्यवस्था अ‍ॅप मध्येच बंद पाडते व ठिपका महामार्गावर तासभर स्थिर दिसतो.

असा ठिपका पाहून आई घाबरते आणि फोन करते. मूल हेल्मेटमध्ये फोन खोचून चालता-चालता बोलते. अ‍ॅपने केलेली सर्वांत मोठी हानी ती हीच! चालविताना फोन हातात धरणे कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरते. म्हणून वाहन चालू असताना घरून फोन करायचा नाही, ठिपका अर्धा तास हलला नाही तरच एक संदेश धाडायचा, असे आधीच ठरवावे. ही व्यवस्था सहा महिन्यांनी पुन्हा दोघांनी बसून तपासावी व शक्य असेल तर बंद करावी. वडिलांनीही आपले स्थान मुलाला दाखवावे. मग तक्रारीला जागा राहत नाही.

फोनच्या आपत्कालीन माहितीत रक्तगट व घरच्यांचे क्रमांक आजच भरावेत, म्हणजे फोन कुलूपबंद असला तरी मदतीला आलेल्या माणसाला ते दिसतात. ११२ हा क्रमांक मुलाला तोंडपाठ असावा.