थर, पदर आणि वळकटी

परळच्या घरी रविवारी भाचीने मेक्सिकन पदार्थ रचायला घेतला. तळाला टॉर्टिया, तिच्यावर राजमा, साल्सा, किसलेले चीज, पुन्हा टॉर्टिया. मध्येच ओरडली, "मामा, चार थर लागले!" लालबाग-परळात वाढलेल्या मुलीच्या तोंडी 'थर लागणे' आले ते दहीहंडीच्या गोविंदांकडून, यात मला शंका नाही.

'थर' म्हणजे संस्कृत 'स्तर'. 'स्तोक'चा 'थोडा' झाला, तसाच 'स्तर'चा 'थर' झालेला दिसतो. मूळ धातू 'स्तृ', अर्थ पसरणे. त्याचा गोतावळा मोठा आहे. 'आस्तरण'पासून आपले अंथरूण, 'प्रस्तर'पासून पाथर आणि पाथरवट. फारसीतला 'बिस्तर' आणि शिंपी कापडाला आतून लावतो ते 'अस्तर' हीही याच रक्ताची मंडळी असावीत. लॅटिनमध्ये त्याच मूळ धातूचे भावंड दगड अंथरलेल्या वाटेला लागले आणि इंग्रजीत 'स्ट्रीट' होऊन बसले. म्हणजे हा शब्द मुळात आडवा, जमिनीलगतचा. दहीहंडीने त्याला उभा केला आणि निजण्याच्या शब्दाने आता उंची मोजतात! तरी सर्वांत खालचा, रुंद पसरलेला थर पाहिला की 'स्तृ' अजून तिथेच आहे असे वाटते. ('थरथर' मात्र वेगळी, ती नादावरून आलेली असावी.)

पण चपातीला कोणी थर म्हणत नाही. तिला पदर सुटतात. दादरच्या सीकेपी घरांतल्या साट्याच्या कानवल्यांनाही पदरच. एकावर एक वेगळ्या वस्तू ठेवल्या तर थर. एकच वस्तू घडी घालून, लाटून उलगडत गेली तर पदर. भाषेने हा भेद किती नेमका जपला आहे! गोव्याचे बिबिंक एकेक थर भाजून, त्यावर पुढचा ओतून होते, म्हणून तिथे थरच. कन्नडमध्येही 'पदर' याच अर्थाने आहे, तेव्हा हा शब्द दोन्ही भाषांच्या शेजारातला दिसतो. मराठीत तो साडीला आहे, हाराला आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही सहापदरीच.

वाडग्यातल्या साल्साकडे पाहून आणखी एक गंमत सुचली. टोमॅटो आणि मिरची, दोन्ही मेक्सिकोकडची. टोमॅटो तिथल्या नाहुआत्ल भाषेतले 'तोमात्ल' हे स्वतःचे नाव जवळजवळ तसेच घेऊन आला. मिरचीचे 'चिली' मात्र आपण दारातच ठेवले. संस्कृतात 'मरिच' म्हणजे काळी मिरी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेल्या या नव्या तिखटाला तेच नाव मिळालेले दिसते. स्पॅनिशांनी 'चिली'पासून क्रियापद घडवले, त्याचे 'एन्चिलाडा' झाले. अर्थ सरळ आहे: मिरची लावलेली.

दोन टॉर्टिया उरल्या. भाचीने त्यांत राजमा भरून गुंडाळल्या. आई अळूवडीला पानावर पान रचते, मग त्यांची वळकटी करते. ती सवयीने म्हणाली, "वळकटी घट्ट कर, सुटेल." वळकटी खरी अंथरुणाची. आणि अंथरूण पुन्हा 'स्तृ'चेच.