थकवा किती, ते तिलाच विचारा

ताप थर्मामीटरनं कळतो, रक्त किती ते हिमोग्लोबिनच्या तपासणीत कळतं. पण थकवा कशानं मोजायचा? कॅन्सरमध्ये आणि त्याच्या उपचारांत येणारा थकवा रात्रभर झोपूनही जात नाही. तो मोजायला डॉक्टर कसे शिकले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. दुसरं महायुद्ध संपल्यावर डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी कॅन्सरवर नायट्रोजन मस्टर्ड हे नवं औषध देऊन पाहत होते. औषधानं गाठ लहान झाली, पण माणूस हिंडायला-फिरायला लागला का? हे नोंदवण्यासाठी १९४९ च्या सुमारास त्यांची शंभर गुणांची पट्टी पुढे आली. शंभर म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू. ऐंशी म्हणजे नेहमीची कामं होतात, पण कष्टानं. सत्तर म्हणजे स्वतःचं आवरता येतं, कामधंदा होत नाही. ही पट्टी आजही वापरतात.

पण हे गुण देतात डॉक्टर. त्यांना काम झालेलं कळतं, त्यासाठी काढलेला जीव दिसत नाही. आपल्याकडची बाई केमोनंतरही पहाटे उठून भाकरी थापते. दोन भाकरींनंतर भिंतीला टेकते, ते कोण बघतं? बघणारा म्हणतो, "बरी आहे की!"

मग प्रश्न थेट आजारी माणसालाच विचारायला सुरुवात झाली. यात बार्बरा पायपर या अमेरिकन परिचारिकेचं काम मोठं. १९८० च्या दशकात त्यांनी थकव्याचीच वेगळी प्रश्नावली तयार केली. थकवा नुसता अंगात नसतो, तो मनात आणि विचारांतही असतो, हे त्यांनी त्यात धरलं. १९९३ मध्ये युरोपातून तीस प्रश्नांची प्रश्नावली आली. त्यातले तीन प्रश्न थकव्याचे होते: विश्रांती घ्यावी लागली का, अशक्त वाटलं का, दमलात का? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधून नऊ प्रश्नांची छोटी यादी आली. शून्य ते दहा यातला आकडा आपणच सांगायचा. थकव्यामुळे कामात किती अडथळा येतो, हे विचारताना त्यात घरकामही धरलेलं आहे!

युरोपातली ती प्रश्नावली मराठीतही आली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रियांना ती हिंदी-मराठीतून देऊन पारखली गेली. त्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. दवाखान्यात कुणी विचारलं, तर "बरं आहे" म्हणून अंगावर काढू नका. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही, असं धरून आकडा सांगा. कुणी विचारलं नाही, तर आपणहून सांगा. थकव्यामागे रक्त कमी असणं, थायरॉईड, दुखणं, झोप न लागणं किंवा उदासी असू शकते, आणि यांवर उपचार आहेत. गटातली एखादी मैत्रीण आजारी असेल, तर तिच्यासोबत जा, तिचा रोजचा आकडा वहीत लिहून ठेवा.

पन्नास वर्षांत डॉक्टर जे शिकले, ते आपण घरातही शिकू या. थकवा किती, ते तिलाच विचारायचं, आणि ती सांगेल ते खरं मानायचं.