सरळ पाइप की वाकडा?

पाइप ओढणारा माणूस दुकानात गेला म्हणजे त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : सरळ घ्यावा की वाकडा? प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो. पण त्याचा माग काढू लागलो, की आपण कष्टकऱ्याच्या जबड्यापाशी येऊन पोहोचतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात मातीचे पाइप होऊ लागले. ओल्या मातीच्या दांडीत तार घालून भोक पाडीत. म्हणून दांडी बहुधा सरळच राही. सुखवस्तू माणूस लांब दांडीचा पाइप हातात धरून निवांत ओढी. गोदीतल्या हमालाला हात मोकळे कुठले? तो आखूड दांडी दातांत धरूनच ओझे उचली. भाजलेली माती दात झिजवी. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील एकोणिसाव्या शतकातल्या दफनभूमीत असे सांगाडे निघाले, की ज्यांच्या वरच्या-खालच्या दातांत पाइपाच्या दांडीएवढी गोल खाच पडलेली आहे.

१८५० नंतर फ्रान्समधील सें-क्लोद गावी ब्रायरच्या मुळावरील गाठीचे लाकडी पाइप होऊ लागले. त्यांना कडक रबराची नळी जोडीत. ती ऊन करून हवी तशी वाकविता येई. वाकड्या पाइपाची वाटी हनुवटीपाशी लोंबते, त्यामुळे दातांवर ताण कमी पडतो. मात्र वळणात ओल साचते आणि साफ करण्याची काडी अडते. सरळ पाइपात ती सहज जाते. लॅट्व्हियातून डब्लिनला आलेला कारागीर चार्ल्स पीटरसन याने १८९० साली ओल साठविण्याची वेगळी पोकळी असलेल्या पाइपाचे पेटंट मिळविले. ज्या कॅप बंधूंच्या दुकानात तो आला, त्याच धंद्यात तो पुढे भागीदार झाला.

सुधारणा खरी, पण ती विकत घेणाऱ्यांसाठी. स्वस्त मातीचा पाइप विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मजुरांच्या तोंडी राहिलाच. ज्याच्या दातांना ताण अधिक, त्याच्या हाती निवड नव्हती.

आणखी एक गोष्ट. जर्मन वैद्य सोमरिंग याने १७९५ सालीच पाइप ओढणाऱ्यांच्या खालच्या ओठाच्या कर्करोगाची नोंद केली होती. तेव्हा सरळ की वाकडा, हा वाद दातांपुरता आणि साफसफाईपुरता. धुराला त्याचे काही नाही.