तबकड्यांचें बिऱ्हाड

एखाद्या घरांत गाण्याची आवड आहे असें आपण म्हणतों, तेव्हां आपलें लक्ष गायकाकडे किंवा यंत्राकडे जातें. तबकडी कोणी गायिली, ती कोणत्या सालीं निघाली, ह्या प्रश्नांवर रसिक मंडळी तासन् तास वाद घालतात. परंतु ती तबकडी घरीं आल्यावर कोठें ठेवली गेली, उभी कीं आडवी, दारामागें कीं उघड्यावर, सोप्यांत कीं माजघरांत, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. वास्तविक जुनें गाणें आज आपल्या कानीं पडतें तें गायकाच्या कंठाइतकेंच सुताराच्या हातामुळें. ह्या बिऱ्हाडाचा इतिहास मी आज आपणांस सांगणार आहें. आणि तो सोलापूरच्या एका घराच्या आधारानें सांगणार आहें. ऊन, धूळ आणि कापूस ह्या तिघांशीं ज्या गांवाचें नित्याचें भांडण, त्या गांवाला हा विषय समजावून सांगावा लागत नाहीं.

प्रथम यंत्राकडे वळूं. एडिसननें फोनोग्राफ सिद्ध केला तो १८७७ सालीं. आणि योगायोग असा कीं सोलापुरांत जुनी गिरणी सुरू झाली तीही त्याच सालीं. आगगाडी तत्पूर्वींच, १८६० सालीं, येथवर पोंचली होती. एडिसनच्या यंत्रावर नळकांडें फिरे. तें गोल, पोकळ आणि नाजूक. प्रत्येकाला स्वतंत्र डबी लागे. १८८७ सालीं एमिल बर्लिनर ह्यानें सपाट तबकडीची कल्पना पुढें आणली, आणि घरगुती मांडणीच्या दृष्टीनें हीच खरी क्रांति ठरली. नळकांडीं रचतां येत नाहींत. तबकड्या रचतां येतात, उभ्या लावतां येतात, वहीच्या पानांसारख्या चाळतां येतात. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजान हिचा आवाज त्यानें मेणावर उतरवून घेतला. त्या तबकड्या जर्मनींतील हानोव्हर येथें छापून परत इकडे येत. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना निघाला, १९२८ सालीं डमडमचा मोठा कारखाना उभा राहिला. आणि १९३५ च्या सुमारास मुंबईंतून 'यंग इंडिया' ह्या नांवाच्या तबकड्या बाहेर पडूं लागल्या. येणेंप्रमाणें ही वस्तु श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून हळूहळू मध्यम स्थितींतल्या घरांत उतरली.

आतां ही तबकडी कशाची बनलेली असे? मुख्य द्रव्य लाख. पळस, बोर आणि कुसुम ह्या झाडांवर वाढणाऱ्या एका चिमुकल्या किड्याची ती निर्मिति. त्या लाखेंत दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतु मिसळून, तापवून, दाबून तबकडी काढीत. आणि आमचे सुतार सागवानी कपाटाला जी झिलई करीत, तीही त्याच लाखेची! चपडा स्पिरिटांत विरघळवून, बोळ्यानें लांकडावर घांसला कीं तेल पाजल्यासारखी चकाकी येते. म्हणजे आंत ठेवलेलें गाणें आणि बाहेरची चकाकी हीं दोन्हीं एकाच किड्याचीं लेंकरें. ह्यांतून एक व्यवहारी शहाणपण निघतें: जें स्पिरिट चपड्याला विरघळवितें तेंच तबकडीलाही खाऊन टाकतें. झिलई पुरती वाळलेली नसतांना कपाटांत तबकड्या भरूं नयेत, आणि लाखेची जुनी तबकडी स्पिरिटानें कधींही पुसूं नये.

आरंभीच्या काळांत यंत्राला स्वतंत्र आसन नव्हतें. धोत्र्याच्या फुलासारखा उमललेला पितळी कर्णा, खालीं किल्लीची पेटी, आणि ती पेटी एका तिवईवर. वर विणकामाचा रुमाल. तबकड्या कागदी पाकिटांत घालून कोनाड्यांत, भिंतींतल्या फडताळांत किंवा सरळ ट्रंकेंत जात. सोलापूरच्या जुन्या पेठांतील घरें माळवदाचीं. लांकडी तुळयांवर हातभर मातीचा थर, भिंती जाड, खिडक्या लहान. मे महिन्यांत बाहेर पारा चाळीस अंशांच्या वर चढला तरी माजघरांत बसवतें, तें त्या मातीच्या पुण्याईनें. त्या भिंतींतलें फडताळ म्हणजे तबकडीला मिळालेलें पहिलें चांगलें घर. त्यांत दोष एकच होता: तबकड्या आडव्या रचीत. दहा इंची तबकडी हातांत हलकी वाटते. पण अशा चाळीस-पन्नास एकावर एक ठेवल्या कीं तळच्या तबकडीवर आठ-दहा किलोंचा भार पडतो. त्यांत उन्हाळा आला म्हणजे लाख नरमते आणि तबकडी खालच्या पृष्ठभागाचा आकार घेते.

ह्या दोन्हीं अडचणींवर अमेरिकेंत १९०६ सालीं एक तोड निघाली. व्हिक्टर कंपनीनें 'व्हिक्ट्रोला' ह्या नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत कर्णा दुमडून कपाटाच्या पोटांत घातलेला. पुढें दोन झडपा. त्या उघडल्या कीं आवाज मोठा, मिटल्या कीं लहान. खालच्या कप्प्यांत तबकड्या उभ्या ठेवण्याची सोय. यंत्र येथें प्रथमच आसबाब झालें. ह्याच काळांत तबकड्यांचे जाड पुठ्ठ्याचे ग्रंथ निघाले. पान म्हणून एकेक पाकीट आणि पाठीवर नांव. फोटोंच्या वहीसारखें दिसे म्हणून त्याला आल्बम म्हणत. पुढें गाण्यांच्या संग्रहाला आल्बम म्हणूं लागले तें ह्यावरून.

विलायती कपाट सर्वांना परवडणारें नव्हतें. पण नमुना एकदां डोळ्यांपुढें आला म्हणजे आमचा सुतार थोडाच थांबतो! आमच्या आजोबांनीं आपल्या उत्तर कसब्यांतल्या घरासाठीं सागवानाचें एक कपाट करवून घेतलें होतें. वर यंत्राची बैठक, खालीं उभ्या फळ्यांचे सहा खण, पुढें दारें आणि दाराला कुलूप. तें सोप्यांत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेंत भरेल असें, उभें केलें होतें. संध्याकाळीं गिरणीचा भोंगा होऊन गेला कीं मित्रमंडळी जमे, आजोबा किल्ली देत, पोलादी सुई बदलीत, आणि बालगंधर्वांचें पद सुरू होई. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. तेवढ्या वेळांत कोणी खोकलेलेंही आजोबांना खपत नसे.

श्रोतेहो, येथें मला कपाटाच्या जागेविषयीं दोन शब्द बोलावेसे वाटतात. ज्या काळांत घरंदाज स्त्रीनें बैठकीला जाऊन गाणें ऐकणें निषिद्ध मानलें जाई, त्या काळांत तबकडीनें सुंदराबाई, हिराबाई बडोदेकर ह्यांचे स्वर उंबऱ्याच्या आंत आणले. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु उंबऱ्याच्या आंत आलेलें गाणें माजघरापर्यंत पोंचेलच असें नाहीं. कपाट सोप्यांत, आणि किल्ल्या दोन, एक यंत्राची व एक कुलपाची, दोन्हीं आजोबांच्या कमरेला. आजी तें सारें गाणें दाराआडून ऐकत असे. कोणती तबकडी लागावी हें तिला कधीं कोणी विचारलें नाहीं.

तिच्याजवळ मात्र स्वतःची म्हणून एक तबकडी होती. हिराबाईंची, भावानें भाऊबीजेला घातलेली. ती कुलपाआड जाऊं नये म्हणून आजीनें ती कपाटांत ठेवूंच दिली नाहीं. स्वयंपाकघरांत भिंतीला टांगलेलें लांकडी ताटाळें होतें. त्याच्या खांचांतून पितळी ताटें उभीं लावलेलीं असत. त्यांतल्या शेवटच्या दोन ताटांमध्यें, जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून, ती तबकडी तिनें उभी ठेवली. घरांतले पुरुष तिला हंसत.

पुढें काळ पालटला. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें विनाइलची, मिनिटाला तेहतीस व एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी काढली. एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९६० नंतरच्या दशकांतही निघत होत्या. पण हळूहळू एलपी रुळली. कर्ण्याच्या आणि किल्लीच्या यंत्राची जागा विजेच्या रेडिओग्रामनें घेतली. पुढें एच. एम. व्ही.चें 'फिएस्टा'सारखें सुटकेसीएवढें यंत्र घरोघर आलें, आणि मोठ्या कपाटाचें प्रयोजनच संपलें. आमच्या घरींही आजोबांच्या मागें वाटण्या झाल्या. कपाट एका चुलत्यांकडे कपड्यांसाठीं गेलें. तबकड्या कोणालाच नको होत्या; त्या एका पत्र्याच्या ट्रंकेंत आडव्या भरून माळवदावरच्या पत्र्याच्या खोलींत ठेवण्यांत आल्या. मीच त्या वर वाहून नेल्या. तेव्हां मी शाळकरी मुलगा होतों. तीन उन्हाळ्यांनंतर ट्रंक उघडली तेव्हां आंत शेंसवाशें तबकड्या नव्हत्या, वाडगे होते. कांहीं एकमेकींना चिकटल्या होत्या, कांहींचीं पाकिटें वाळवीनें खाल्लीं होतीं. त्या ढिगांतल्या कांहीं तबकड्यांचीं नांवें मला अजून पाठ आहेत. त्यांतलें एक पद मी पुन्हा कोठेंही ऐकलेलें नाहीं.

ताटाळ्यांतली तबकडी मात्र शाबूत होती. आजही ती वाजते. तिच्यावर कुलूप नव्हतें, झिलई नव्हती. पण ती उभी होती, दोन्हीं बाजूंनीं सपाट आधार होता, वर कापड होतें, आणि ती घरांतल्या सर्वांत थंड भिंतीला होती. चांगल्या कपाटाचें सारें शास्त्र ह्या चार गोष्टींत आलें.

आज विनाइलची तबकडी पुन्हा लोकांना हवीशी झाली आहे. अमेरिकेंत २०२२ सालीं ह्या तबकड्यांचा खप संख्येनेंही सीडींच्या पुढें गेला. आपल्याकडेही तरुण मंडळी आजोबांच्या एलपी शोधूं लागलीं आहेत. अशांनीं आसबाब निवडतांना त्या चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एलपीचें पाकीट सव्वाबारा-साडेबारा इंचांचें. म्हणून खणाची आंतली उंची व खोली तेरा इंचांहून कमी नसावी. फूटभर लांबीच्या फळींत सत्तर-ऐंशी तबकड्या मावतात आणि त्यांचें वजन पंधरा किलोंच्या घरांत जातें. तेव्हां फळी पाऊण इंच जाड असावी आणि लांबच लांब फळीपेक्षां आखूड खण करावे. दर पांच-सहा इंचांवर पुऱ्या उंचीची उभी फळी असावी, म्हणजे तबकड्या कलणार नाहींत. बोट सहज शिरेल इतकी ढील ठेवावी. दाटी झाली कीं पाकिटें फाटतात, मोकळीक फार झाली कीं तबकडी वांकते. दहा इंची आणि बारा इंची एकत्र मिसळूं नयेत, कारण लहानीच्या वर मोठीला आधार उरत नाहीं. साठ अंशांच्या आसपास विनाइल मऊ पडूं लागतें, आणि बंद पत्र्याखालीं किंवा खिडकींतल्या उन्हांत तेवढी उष्णता सोलापुरांत दुर्मिळ नाहीं. म्हणून पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला टाळावा. धुळीसाठीं दारें असावींत. वाळवीसाठीं सागवान उत्तम. तें न जमल्यास कपाट जमिनीपासून चार बोटें उंच आणि भिंतीपासून दोन बोटें दूर असावें.

फिरत्या यंत्राची बैठक मात्र निराळी मागणी करते. तिला स्थैर्य हवें. सुई खांचेंतला केंसाहून बारीक कंप वेंचते. तिला पावलांचा आणि कर्ण्याचा कंपही तितक्याच तत्परतेनें ऐकूं येतो. ज्या फळीवर यंत्र, तिच्यावर ध्वनिक्षेपक ठेवूं नये. ह्यावर आमच्या भागांत एक स्वस्त तोड आहे. ह्याच लोहमार्गावर पुढें शहाबाद लागतें. तेथील फरशी सोलापूरच्या घरोघर अंथरलेली आहे. त्या फरशीचा एक जाड तुकडा, खालीं चार रबरी तुकडे घालून, पाणसळीनें समतल करून बैठकीवर ठेवला, कीं यंत्र हालत नाहीं.

१९९० सालीं मुंबईंत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था निघाली, आणि तिच्या सभासदांनीं गांवोगांवच्या माळ्यांवरून, जुन्या बाजारांतून कित्येक गाणीं परत मिळविलीं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण बाजारांत येते ती तबकडी कोणाच्या तरी घरीं टिकलेली असते म्हणूनच येते. तेव्हां हें काम आपणां प्रत्येकाच्या घरचें आहे.

अखेरचें एक सांगतों. अलीकडे मीं माझ्या नातीसाठीं कपाट करवून घेतलें. सुतारानें विचारलें, कुलूप बसवूं काय? मीं नको म्हटलें. धूळ येऊं नये इतकीं दारें घट्ट बसवा, म्हटलें, पण तीं कोणाच्याही हातानें उघडतील अशीं करा. सगळ्यांत खालचा खण दहा इंचांचा आहे. त्यांत तूर्त एकच तबकडी उभी आहे, इरकलीच्या तुकड्यांत गुंडाळलेली.