‘पश्चात्ताप’ म्हणजे नेमकं काय?

प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात माझी एक चूक झाली. मार्टिन ल्यूथरच्या १५१७ च्या ९५ विधानांमधला ‘पश्चात्ताप’ मी सरळ ‘पापाची कबुली’ असा वाचला. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: मूळ शब्द कोणता?

लॅटिन बायबलमधला शब्दप्रयोग ‘प्रायश्चित्त करा’ असाही वाचता येई. चर्चमध्ये त्याला धर्मगुरूपुढची कबुली आणि त्यांनी सांगितलेली भरपाई असं रूप आलं होतं. १५१६ मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला. त्यात शब्द आहे ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणं. ल्यूथरचं पहिलंच विधान सांगतं की हे पालटणं आयुष्यभर चालतं. पण तिथेच थांबू नका. तिसऱ्या विधानात तो बजावतो की देहाच्या वासना आवरल्या जात नसतील, तर आतला पश्चात्ताप फोल. मी त्याचा अर्थ असा लावते: आतलं पाप नुसत्या रडण्याने जात नाही, पालटलेलं मन आज्ञापालनातून ओळखू येतं.

आपल्या मराठी शब्दात ‘ताप’ आहे, पोळणं आहे. वळणं आपल्याला वाचावं लागतं. म्हणून अनुवादावर निष्कर्ष उभा करण्याआधी मूळ शब्द गाठा. मला ते एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहून कळलं.