एकाएकी की हळूहळू?

जबलपूरजवळच्या बडा शिमला टेकडीवर १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना दगड झालेली हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून हे स्लीमन आपल्या परिचयाचे आहेत. जीवाश्मांच्या इतिहासातले त्यांचे हे पाऊल फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नाही. ही हाडे कुणाची, हे त्यांना कळणार तरी कसे? 'डायनोसॉर' हा शब्दच अजून जन्मायचा होता. रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ साली छापून आणला, आणि जबलपूरच्या हाडांचे 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे बारसे झाले ते १८७७ साली, रिचर्ड लायडेकर यांच्या हातून. जवळजवळ पन्नास वर्षे ती बिननावाची पडून होती. पुढे नाव मिळाले, वंशावळही लागत गेली. पण हा एवढा थोरला कुळविस्तार गेला कुठे, हे विचारायला मात्र फार काळ कुणी पुढे आले नाही. त्याचे कारण शोधायचे तर आपल्याला ओवेन यांच्याही मागे, पॅरिसला जावे लागते.

जॉर्ज क्युव्हिए यांनी १७९६ साली हत्तींची आणि मॅमथची हाडे शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिले की मॅमथ हा आजच्या हत्तींहून वेगळा प्राणी होता आणि तो आता पृथ्वीवर कुठेच नाही. प्राण्याची अख्खी जात नाहीशी होऊ शकते, ही गोष्ट तोवर विद्वानांच्याही गळी उतरत नव्हती. क्युव्हिए यांच्या मते असे घडत होते ते भूतलावरच्या प्रचंड, अचानक आलेल्या उलथापालथींमुळे. या मताला खरा शह दिला चार्ल्स लायेल यांनी. १८३० पासून निघालेल्या त्यांच्या भूविज्ञानाच्या ग्रंथात एकच सूत्र पुन्हा पुन्हा येते: पाऊस, नद्या, ज्वालामुखी, भूकंप, जे आज डोळ्यांसमोर चालले आहे तेच पूर्वीही चालले होते, आणि त्याच संथ चालीने. ऋतुमान पुन्हा पूर्वीसारखे झाले तर इग्वानोडॉनसारखे नामशेष डायनोसॉर पुन्हा रानात हिंडू लागतील, इथपर्यंत त्यांनी लिहून ठेवले. त्यावर हेन्री डे ला बीश यांनी एक व्यंगचित्र काढले. त्यात एक इक्थिओसॉर, म्हणजे नामशेष झालेला सागरी सरपटणारा प्राणी, गुरुजी होऊन आपल्या जातभाईंसमोर माणसाच्या कवटीवर व्याख्यान देत आहे. हसू आले तरी जिंकले लायेलच. पुढे डार्विन यांनीही तीच वाट धरली, आणि 'अचानक' हा शब्द भूविज्ञानाच्या पंक्तीतून सव्वाशे वर्षे उठवला गेला.

या सव्वाशे वर्षांत डायनोसॉरच्या अंताची जी कारणे सांगितली गेली ती वाचताना आज मौज वाटते. आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०९ साली वंशाच्या म्हातारपणाची कल्पना मांडली. माणूस थकतो तसे कूळही थकते. अंगावर वाढणारे काटे, अवाढव्य देह, गळून गेलेले दात ही त्या थकव्याचीच लक्षणे. १९२५ मध्ये जॉर्ज वीलँड यांनी अंडी पळवणाऱ्यांवर ठपका ठेवला. १९६२ साली तर एका कीटकशास्त्रज्ञाने, पाने फस्त करणाऱ्या सुरवंटांनीच या राक्षसांना उपाशी मारले असेल, अशी शंका काढली. १९६४ मध्ये ग्लेन जेप्सन यांनी तोवरच्या सगळ्या कारणांची जंत्री केली आणि तिच्यात उडत्या तबकड्यांतून आलेले हिरवे शिकारीही मिस्कीलपणे बसवून दिले. मात्र या गर्दीत एक माणूस नीट थांबून पाहण्यासारखा आहे. एम. डब्ल्यू. डे लॉबेनफेल्स. हे समुद्रातल्या स्पंजांचे अभ्यासक. १९५६ साली त्यांनी लिहिले की १९०८ मध्ये सैबेरियातल्या तुंगुस्का भागात झाला त्याहून कितीतरी मोठा उल्कापात झाला असेल, त्यातून भाजून काढणारे वारे सुटले असतील, आणि कोण मेले, कोण तगले याचा मेळ त्याने बसतो. पुरावा हाती नव्हता. अंदाज तेवढा नेमका होता. कुणी लक्ष दिले नाही.

आता आपण इटलीतल्या गुब्बियो गावाजवळच्या घळीत येतो. तिथे चुनखडीच्या थरांवर थर आहेत आणि त्यांच्या मधोमध सेंटीमीटरभर जाडीचा चिकणमातीचा एक पट्टा. पट्ट्याखालच्या दगडात क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरच्या अखेरच्या काळातल्या सूक्ष्म सागरी जीवांची दाटी, तर वरच्या दगडात त्यांतले जवळजवळ सारे गायब. ही बोटभर माती साचायला किती वर्षे लागली असतील, असा साधा प्रश्न वॉल्टर अल्वारेझ यांना पडला. त्यांचे वडील लुईस अल्वारेझ हे भौतिकशास्त्रातले १९६८ सालचे नोबेल मानकरी. त्यांनी युक्ती सुचवली. इरिडियम हा धातू भूपृष्ठावर अत्यल्प, पण अवकाशातून संथपणे झिरपणाऱ्या धुळीत तो त्या मानाने भरपूर असतो. तेव्हा मातीतले इरिडियम मोजले की काळाचे माप मिळेल. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजणी केली आणि इरिडियम निघाले आसपासच्या दगडांच्या तीसपट. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंटमध्ये ते एकशेसाठपट भरले. मला या साऱ्या कथेतला हा क्षण सर्वांत आवडतो: लायेलच्या शिस्तीत, संथपणा मोजायला म्हणून हे लोक गेले आणि हाती आला आकस्मिकपणा. १९८० च्या जूनमध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह, त्याने उडवलेली धूळ, झाकोळलेले आकाश आणि वाळलेल्या वनस्पती असा सारा क्रम मांडलेला होता. स्पेनमधल्या काराव्हाकाच्या खडकांवरून यान स्मिट यांनीही त्याच वर्षी तेच गाठले होते. जीवाश्मतज्ज्ञ बिथरले. लुईस अल्वारेझ यांनीही त्यांना तिकिटे जमवणाऱ्यांच्या रांगेत बसवून आगीत तेल ओतले.

खड्डा कुठे आहे, असे विरोधक विचारत होते, आणि तो तर सापडून चुकला होता. मेक्सिकोच्या पेमेक्स या सरकारी तेल कंपनीने १९५० च्या दशकात युकातानमध्ये विहिरी खोदल्या, तेव्हा वर आलेला दगड ज्वालामुखीचा समजून बाजूला टाकला गेला होता. १९७८ मध्ये कंपनीसाठी चुंबकीय पाहणी करताना ग्लेन पेनफिल्ड यांना समुद्राखाली एक प्रचंड कमान दिसली. अँटोनियो कामार्गो यांच्यासोबत त्यांनी १९८१ साली ती भूभौतिकीच्या परिषदेत मांडली; पण खड्डा शोधणारे लोक त्या परिषदेला जात नसत. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, अ‍ॅलन हिल्डेब्रँड आणि सहकाऱ्यांनी धागे जुळवले तेव्हा चिक्शुलूबचा सुमारे १८० किलोमीटर रुंदीचा खड्डा जगापुढे आला. वय सहा कोटी साठ लाख वर्षे.

इथे खटला संपायला हवा होता. तो संपला नाही याचे कारण आपल्या पायाखालचा काळा कातळ. दख्खनच्या या लाव्ह्याला भूवैज्ञानिक 'ट्रॅप' म्हणतात. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा मूळ अर्थ पायऱ्या. सह्याद्री दुरून पाहिलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंनी हवा बिघडवली आणि जीवसृष्टी मारली, असे ड्यूई मॅक्लीन यांनी १९८१ मध्ये मांडले. १९८६ मध्ये व्हाँसाँ कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी खडकांतल्या चुंबकत्वावरून दाखवले की यातला फार मोठा भाग दहा लाखांहून कमी वर्षांत, नेमका त्याच सुमारास ओतला गेला. उलट बाजूचेही पुरावे इथल्याच मातीत आहेत. कच्छमधल्या अंजारला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात डायनोसॉरची हाडे सापडली. म्हणजे पहिल्या लाव्ह्यानंतरही ते तिथे नांदत होते.  

लायेल आणि क्युव्हिए यांचे भांडण असे सह्याद्रीत येऊन बसले. इथल्या लाव्ह्याच्या थरांना भूवैज्ञानिकांनी इथल्याच ठिकाणांची नावे दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. २०१५ मध्ये पॉल रेनी आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पक्षांना एकत्र बांधू पाहिले: लघुग्रहाच्या धक्क्यानेच दख्खनचा लाव्हा जोराने उसळला असावा. मग २२ फेब्रुवारी २०१९ ला 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने लाव्ह्याचीच कालगणना केली. त्यांच्या मते लाव्हा बराचसा सलग वाहत राहिला आणि त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आघातानंतरचा आहे. ब्लेअर शोन यांच्या गटाला मात्र तो चार मोठ्या उमाळ्यांत आलेला दिसला, आणि त्यांपैकी पोलादपूरचा उमाळा आघाताच्या काही दहा हजार वर्षेच आधीचा. डोंगर तोच, थर तेच. फरक मोजण्याच्या रीतीत आणि कशाचे वय मोजले त्यात. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाने आपण महाबळेश्वरला चढतो तेव्हा याच थरांतून वर जात असतो. अशा घाटांत काळ्या कड्यांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा हातभर पट्टा दिसतो. लाव्हा थांबून खालच्या दगडाची माती होण्याइतकी उसंत मिळाली तिथे तो तयार झाला, आणि अंगावर पुढचा लाव्हा आला तेव्हा भाजून निघाला. शोन यांच्या गटाने वय मोजण्यासाठी झिरकॉनचे स्फटिक वेचले ते बहुतेक असल्याच पट्ट्यांतून.